टोकाची जागा

बसा. दिवे येतील तेव्हा येतील, तोवर ही बत्ती पुरे आहे. लग्नातल्या घरच्या फोटोंचं ठरवायला आलात ना, ते अंधारातही ठरतं. उलट बरंच. उजेड असला की लोक माझ्या भिंतीवरचे फोटो बघत बसतात आणि माझं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देतात.

माझी पद्धत आधी सांगते. पटली तर ठीक, नाही तर कॅमेरेवाले आजकाल पोत्याने मिळतात.

घरच्यांचा ग्रूप फोटो मी लग्न लागायच्या आधी काढते. लग्न लागल्यावर माणसं उकडलेल्या भाजीसारखी होतात. नवरीचे डोळे सुजलेले, नवरदेवाचा बूट हरवलेला, काकांचं सगळं लक्ष जेवणाच्या दाराकडे. दुसरं म्हणजे, आदल्या दिवशी दुपारी मी हॉलवर जाते, घरातलं शब्द चालणारं माणूस बोलावून घेते आणि स्टेजवर खडूने एकेकाची पावलं काढते. हा इथे, ती तिथे. हसू नका. फोटोत कोण कुणाच्या शेजारी, यावरून जेवढी घरं फुटलेली मी पाहिली, तेवढी वाटण्यांवरून फुटलेली पाहिली नाहीत. आदल्या दिवशी भांडून घेतलं की दुसऱ्या दिवशी माणसं मुकाट्याने आपापल्या खडूवर येऊन उभी राहतात. हे मला कोणी शिकवलं नाही. शाळा मी रस्त्यावरूनच पाहिली. आमच्याकडचा एक भाडेकरू जाताना मोडका कॅमेरा टाकून गेला, तो मी उघडला, बंद केला, पुन्हा उघडला, आणि शेवटी तो माझं ऐकायला लागला. माणसं त्याहून लवकर ऐकतात.

आणि तिसरं. माझ्या फोटोत नवरी टोकाला उभी राहत नाही. तुमच्या घरात कोणाची कितीही जुनी रीत असो.

का, असं विचारलंत म्हणून सांगते. नाही तर हे मी कोणाला सांगत नाही.

एक घर होतं. घरात सत्ता एका बाईची, तिला सगळे मोठ्या बाई म्हणायचे. नवरा कधीच वारलेला. अंगाने भरभक्कम, खांद्यावर कायम एक राखाडी शाल, आणि आवाज असा हळू की समोरच्याने पुढे वाकून ऐकावं. ओरडणाऱ्या बाईला मी भीत नाही, मी स्वतः ओरडते. हळू बोलणाऱ्या बाईपासून मात्र चार हात लांब राहावं. तिला एक मुलगा आणि एक मुलगी. मुलीचं लग्न झालं नव्हतं. केस पिकायला लागले तरी घरात ती बेबीच. आई पाणी म्हणाली की ही पेला धुवायला धावायची. आईने श्वास घेतला तरच ही सोडायची, असं तिचे मामाच म्हणायचे.

मुलाच्या पहिल्या लग्नाचे फोटो मीच काढले. ती नवरी मला अजून डोळ्यांसमोर दिसते. तिला ओठ मिटून हसताच येत नव्हतं. पुढचे दात जरासे पुढे, हसली की सगळा चेहरा दातांच्या मागे धावायचा. मी तिचं नाव हसरी ठेवलं. मोठ्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तिला तोंड मिटायला सांगा." मी सांगितलं नाही.

खडू काढायच्या वेळी मोठ्या बाई म्हणाल्या, "मी मध्ये खुर्चीवर. मुलगा माझ्या मागे. डावीकडे बेबी, तिच्या पलीकडे तिचे मामा. आणि ती उजवीकडे, टोकाला."

"ती म्हणजे? नवरी?" मी म्हटलं. "लग्न तिचं, आणि ती टोकाला?"

"आमच्या घरची रीत आहे. नवीन माणूस टोकाला. रुजली की आत घेऊ."

टोकाला का, ते मला तेव्हाच कळलं. धंद्यात हयात गेली माझी. टोकाचा माणूस कापता येतो. मधला कापला की फोटो जातो, टोकाचा कापला की फोटोला काही होत नाही. त्या घरात सून फोटोत यायची ती कापायची सोय ठेवूनच. मी पुष्कळ वाद घातला, ऐकलं नाही. मग मी हसरीला म्हटलं, निदान सासूच्या खांद्यावर हात ठेव, आपल्या माणसांत उभी आहेस असं दिसू दे. तिने आनंदाने ठेवला. मोठ्या बाईंचा खांदा दगडासारखा झाला, पण फोटो छान आला. हसरी सगळे दात दाखवून हसते आहे आणि बेबी माझ्याकडे बघते आहे, कारण मीच ओरडले होते, "बेबी, इकडे बघ."

वर्षाच्या आत हसरी गेली.

त्यांच्या घरामागे जमिनीत पाण्याची टाकी होती. ती धुवायला हसरी आत उतरली आणि वाऱ्याने झाकण पडलं, असं सांगितलं. ते झाकण मी पाहिलं होतं. लोखंडी, दोन बाजूंना दोन कड्या. दोन माणसांनी दोन कड्या धरल्याशिवाय ते जागचं हलायचं नाही. ते वाऱ्याने पडलं असतं तर त्यांचं छप्पर पुढच्या गावात सापडलं असतं. शिवाय आत पाणी कुठून आलं? तर म्हणे कोणीतरी चुकून नळ सोडला. शेजारीण मला म्हणाली, त्या दुपारी मागून आवाज येत होता. ठण्... ठण्... बराच वेळ. तिला वाटलं, कोणीतरी भांडं ठोकून सरळ करतंय. मग आवाज थांबला, तेव्हा तिला वाटलं, झालं असेल सरळ.

चौकशी आली, चहा पिऊन गेली.

पुढे मोठ्या बाई तो फोटो घेऊन माझ्या स्टुडिओत आल्या. "हिला काढून टाका यातून."

मी म्हटलं, "मी माणसं जवळ आणून उभी करते. कापत नाही."

घरी जाऊन त्यांनी स्वतः कात्री चालवली. पण माणूस कापणं एक आणि त्याचा स्पर्श कापणं वेगळं. हसरी गेली, तिची चार बोटं मोठ्या बाईंच्या खांद्यावर राहिली. ती कापायची तर स्वतःचा खांदा कापावा लागला असता. तसाच तो फोटो त्यांनी भिंतीवर लावला. निगेटिव्ह माझ्याकडे होती. म्हटलं, निदान इथे तरी ही पोर अख्खी राहू दे.

आणि मग एक दिवस निरोप आला. मुलाचं दुसरं लग्न आहे, फोटो तुम्हीच काढायचे, पहिल्यांदा छान आले होते.

छान आले होते! पण मी गेले. धंद्यासाठी नाही. नवीन कोण येते आहे ते मला बघायचं होतं, आणि लग्न लागायच्या आत तिला एकटीला गाठून सांगायचं होतं. तेवढंच डोक्यात ठेवून मी खडूची डबी घेतली आणि आदल्या दिवशी दुपारी हॉलवर गेले.

हॉल रिकामा होता. बाहेर ऊन रटरटत होतं आणि आत पंखे बंद, पडदे ओढलेले, खुर्च्या एकावर एक रचून भिंतीशी. स्टेज लाकडाचं. चाललं की पोकळ आवाज यायचा. मोठ्या बाई आल्या, त्यांच्या मागे बेबी, आणि बेबीच्या मागे ती नवी. उंची बघायला मीच तिला बोलावून घेतलं होतं. औषधांच्या दुकानात काम करायची. उंच, सावळी, कमी बोलणारी. औषधं देताना गिऱ्हाइकाकडे नीट बघायची सवय असते ना, तशी बघणारी.

"मी मध्ये," मोठ्या बाई म्हणाल्या. "मुलगा मागे. डावीकडे बेबी, पलीकडे मामा. आणि ही टोकाला."

तेच शब्द, तोच क्रम. मी खडू काढायला खाली बसले. मोठ्या बाईंच्या खुर्चीचे चार पाय. मागे मुलाची पावलं, मग बेबीची, मामांची. शेवटी उजवीकडे नवीची. उठले, गुडघे चोळले आणि कॅमेऱ्यातून बघितलं.

नवीच्या पावलांच्या पलीकडे, अगदी कडेला, अजून एक जोडी होती.

म्हटलं, चष्मा पुसायला हवा. चष्मा पुसला. जवळ जाऊन वाकले. ती खडूची नव्हती, ओली होती. अनवाणी पायांची, लहान, अंगठे कॅमेऱ्याकडे. जणू आत्ताच कोणीतरी पाण्यातून उठून येऊन फोटोसाठी नीट उभं राहिलं होतं.

मी फडक्याने पुसली. फडकं नाकाशी आलं, तर वास बंद टाकीतल्या जुन्या पाण्याचा. शेवाळ आणि गंज. पुसून मी मागे वळले, दोन पावलं टाकली, पुन्हा वळले.

पुन्हा होती. आणि आता कडेला नव्हती. नवीच्या पावलांना चिकटून होती.

"काय शोधताय फोटोवाल्या बाई?" मोठ्या बाईंनी हळू विचारलं.

"कोणीतरी पाणी सांडलंय," मी म्हटलं.

त्या दोन पायऱ्या चढून वर आल्या. बघितलं. त्यांनी शाल खांद्यावर ओढून घेतली, उजव्या खांद्यावर. आणि त्याच वेळी स्टेजखालून आवाज आला.

ठण्...

लाकडाच्या स्टेजखालून. लाकडाचा आवाज कसा असतो ते मला माहीत आहे. हा लोखंडाचा होता.

"उंदीर असतील," मोठ्या बाई म्हणाल्या.

"असतील," मी म्हटलं. "लोखंडाचे."

बेबीचा चेहरा खडूसारखा झाला होता. तिला उलटी होईल असं वाटलं की काय, मोठ्या बाईंनी तिचं मनगट धरलं आणि तिला ओढत मागच्या मोरीकडे नेलं. मला हवी ती संधी मिळाली. पण माझ्या आधी नवीच बोलली.

"मावशी... तुमच्या फोटोत माझ्या बाजूला अजून कोणी आहे का?"

"का गं?"

"गार लागतंय. याच बाजूने."

मी तिचा हात धरला. म्हटलं, "तुझ्याआधी इथे एक होती. तुला काय सांगितलंय तिचं?"

"पटलं नाही, माहेरी निघून गेली म्हणून."

"माहेरी नाही गेली. टाकीत गेली." आणि मी तिला सगळं सांगितलं. झाकण, दोन कड्या, नळ, शेजारणीने ऐकलेला आवाज. जे मला माहीत होतं ते, जे माहीत नव्हतं ते नाही. शेवटी ती फक्त म्हणाली, "दोन कड्या."

"दोन."

मोरीचं दार वाजलं. ती माझा हात सोडून सरळ उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल माणसांनी भरला होता. नवीला बघून मी मनात म्हटलं, ही आली! डोळे सांगत होते की रात्रभर झोपली नाही. शालू-दागिने सगळं अंगावर, आणि त्याच्या आत पोरगी लाकडासारखी.

"घरी सांगितलं," ती माझ्या कानाशी म्हणाली. "म्हणाले, लग्नघरात असलं अभद्र बोलू नये. दारात माणसं आली आहेत, आता तोंड काळं करशील का आमचं."

"मग?"

"मग काय. तुम्ही फोटो आधी काढता ना?"

"आधी."

"मावशी, ती कोणत्या बाजूला उभी होती?"

"तुझ्याच."

तिने मान हलवली आणि स्टेजवर चढली.

सगळे खडूवर आले. मामा म्हणाले, "लवकर आटपा, आतून तळणाचा वास येतोय, माझं तोंड फोटोत आशाळभूत दिसेल." दोघं-तिघं हसले. मोठ्या बाई खुर्चीवर बसल्या. मागे नवरदेव, दोन्ही हात खिशात. त्याची ती सवयच. घरात काहीही होवो, याचे हात खिशात. डावीकडे बेबी. आणि उजवीकडे, टोकाला, नवी.

पण नवी तिच्या खडूवर उभी राहिली नाही. एक पाऊल बाहेर सरकली. खुर्ची आणि तिच्यामध्ये जागा सुटली, एका बारीक माणसापुरती. आयुष्यभर मी एकच आरडाओरडा केला आहे, जवळ सरका, फट दिसते. त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. ती माझ्याकडे बघत होती. चुकून सरकली नव्हती. तिने जागा दिली होती.

"जवळ ये," मोठ्या बाई समोर बघतच म्हणाल्या.

"इथे बरी आहे," नवी म्हणाली.

मी डोळा कॅमेऱ्याला लावला आणि बटण दाबलं. झगमगाट झाला. त्या उजेडात फट मला रिकामी दिसली नाही. काय दिसलं ते विचारू नका. पापणी मिटेपर्यंत फट पुन्हा फट होती, आणि शेवाळाचा वास पार कॅमेऱ्यापर्यंत आला होता.

"हात काढ," मोठ्या बाई म्हणाल्या.

"कोणाचा?" नवरदेवाने विचारलं.

"तुझा. खांदा दाबतोयस माझा."

"आई... माझे हात खिशात आहेत."

त्यांनी मान वळवली नाही. वळवून बघायची हिंमत त्यांना नव्हती. त्यांच्या शालीवर, उजव्या खांद्यावर, ओल पसरत होती. चार ठिकाणी. मी दुसरा फोटो काढला.

ठण्... खालून. ठण्...

मग खुर्ची हलली. कोणी लाथ मारल्यासारखी नाही. कोणीतरी हळूच, आपलेपणाने जवळ ओढून घ्यावी तशी. लाकडावरून कर्रर्र आवाज करत ती खडूच्या खुणांवरून निघाली आणि उजवीकडे सरकायला लागली. टोकाकडे. मोठ्या बाईंनी पाय रोवले, पायांखाली पाणी होतं, पाय घसरले. नवी आधीच बाजूला झाली होती.

"बेबी," मोठ्या बाई म्हणाल्या. तेव्हाही हळूच. "धर मला." आणि डावा हात लांब करून त्यांनी बेबीचं मनगट पकडलं.

मी तिसरा फोटो काढला. हो, काढला. कॅमेरा टाकून मदतीला धावायला हवं होतं, असं नंतर पुष्कळांनी मला ऐकवलं. मी त्यांना विचारलं, त्या दुपारी टाकीकडे कोण धावलं होतं?

बेबी आईबरोबर ओढली जात होती. आईच्या पलीकडे तिला काय दिसत होतं देव जाणे, पण तिची नजर तिथून हलत नव्हती. आणि ती बोलायला लागली. मोठ्याने, भरल्या हॉलमध्ये, लहान मूल शाळेतल्या बाईंना सांगतं तशी.

"मी एकच बाजू धरली होती. आई म्हणाली म्हणून. दुसरी तिने धरली होती... नळ पण तिने सोडला. मी एकच बाजू धरली..."

बेबीने मोकळ्या हाताने आईची बोटं एकेक करून मनगटावरून सोडवली. शेवटचं बोट सुटलं तशी खुर्ची सर्रकन कडेपर्यंत गेली आणि थांबली. पडली नाही. मोठ्या बाई ताठ बसल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यातून शब्द आला नाही, पाणी आलं. हिरवट, गंजाच्या रंगाचं. हनुवटीवरून, शालीवरून, पायरीवरून खाली. कोरड्या स्टेजवर, भर सकाळी, दोनशे डोळ्यांदेखत ती बाई बुडाली. डॉक्टरांनी नंतर लिहिलं, हृदय बंद पडलं. बरोबरच आहे. बुडाल्यावर ते पडतंच.

मला वाईट वाटलं का? नाही. खोटं कशाला बोलू.

नवीने गळ्यातला हार काढून रिकाम्या खडूच्या पावलांवर ठेवला. उजवीकडची, टोकाची पावलं. आणि आपल्या माणसांमधून चालत बाहेर गेली. आता तिला तोंड काळं करशील म्हणायला कोणाचं तोंड उघडलं नाही. पुढे तिने स्वतःचं औषधांचं दुकान काढलं. माझ्या गुडघ्यांचं तेल मी तिच्याकडूनच आणते.

दुसऱ्या दिवशी मी फोटो धुतले. पहिल्यात फट आहे, काळी, आणि मोठ्या बाईंच्या खांद्यावर चार बोटं. दुसऱ्यातही. तिसऱ्यात मोठ्या बाई नाहीत. खुर्चीपासून उजवीकडचा भाग सरळ रेषेत पांढरा आहे, कात्रीने कापावा तसा. मी निगेटिव्ह बोटांनी चाचपून पाहिली. ती अख्खी आहे, कुठे कापलेली नाही. फक्त त्या रेषेच्या अलीकडे, बेबीच्या मनगटावर, मोठ्या बाईंची चार बोटं तेवढी राहिली आहेत. अंगठीसकट.

मुलगा घर सोडून गेला, कुठे ते कोणाला माहीत नाही. बेबी त्याच घरात राहते. पोलिसांना तिने पुन्हा काही सांगितलं नाही, म्हणाली, तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पुरावा म्हणून कोणाला काही सापडलं नाही. सुटली, असं लोक म्हणतात. भिंतीला पाठ लावून बसते, एवढंच.

परवा ती माझ्याकडे आली होती. तुम्ही बसलात ना, त्याच स्टुलावर बसली. उन्हाळ्यात लांब बाह्यांचा झगा. तो तिसरा फोटो समोर ठेवून म्हणाली, "यातली ही बोटं काढून टाका. मनगट गार पडतं माझं. सारखं ओलं लागतं."

मी म्हटलं, "बेबी, मी कापत नाही. तुझ्या आईलाही हेच सांगितलं होतं."

ती गेल्यावर मी जुनी निगेटिव्ह काढली, हसरीच्या लग्नातली. या बत्तीसमोर धरून पाहिली. मोठ्या बाईंचा शब्द होता, नवीन माणूस टोकाला, रुजली की आत घेऊ. नवीच्या त्या मोडलेल्या लग्नानंतर ही पहिल्यांदा पाहिली तेव्हाच टोकाची जागा मोकळी होती आणि मोठ्या बाईंच्या जागी, खुर्चीवर, हसरी बसलेली होती, सगळे दात दाखवत. मी ती परत पाकिटात घातली आणि कोणाला बोलले नाही. परवा खुर्ची रिकामी होती. हसरी अजून आत सरकली आहे. बेबीच्या मागे उभी आहे, आणि तिचा एक हात दिसत नाही.

तेही मी समजून घेतलं असतं. पण त्या फोटोत बेबी समोर बघत होती. मीच ओरडले होते ना, बेबी, इकडे बघ. इतकी वर्षं ती माझ्याकडेच बघत होती.

आता ती मान वळवून मागे बघते आहे.